ट्रॅक्टरची द्रवचालित जोड-अवजारे : जोडणी व सोडणी

ट्रॅक्टरच्या एंजिनावर चालणाऱ्या पंपाने दाब दिलेल्या तेलाच्या साहाय्याने जी अवजारे उचलली, टेकविली, उलटविली किंवा कलती केली जातात, त्यांना द्रवचालित जोड-अवजारे म्हणतात. शेतकऱ्यांच्या नित्याच्या बोलण्यात यांस ‘हायड्रॉलिक’ची अवजारे म्हणतात. पलटी नांगर, माल ओतणारी ट्रॉली, पुढील बाजूचा भरणी-खोरा, वेलींच्या बुंध्याजवळ आतबाहेर सरकणारे आंतरमशागतीचे अवजार ही यांची परिचित उदाहरणे होत. रोटाव्हेटर व फवारणीचा ब्लोअर पीटीओच्या फिरत्या दंडावर चालत असले, तरी ट्रॅक्टरवर बसविलेल्या प्रकारांत त्यांना उचलण्याचे काम तेलाचा दाबच करतो. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत लहान ट्रॅक्टरांचा प्रसार झाल्यापासून एकाच यंत्राला एका दिवसात दोन-तीन अवजारे आळीपाळीने लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. अवजार काम करीत असताना चालक सामान्यतः आसनावर असतो. अवजार लावताना व काढताना मात्र तो यंत्र आणि अवजार यांच्या मधोमध उभा असतो. या अवजारांच्या इतिहासात माणसाच्या अंगावरचे ओझे क्रमाक्रमाने कमी होत गेले, पण उरलेला धोका जोडाच्या ठिकाणी एकवटला. म्हणून जोडणी-सोडणीचा क्रम हा यंत्राच्या रचनेचाच एक भाग समजणे आवश्यक ठरते.

तत्त्व व पूर्वेतिहास : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात मांडले. या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे एकस्व इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये घेतले. लहान दट्ट्यावर थोडे बल देऊन मोठ्या दट्ट्यावर मोठे बल मिळविणे तत्त्वतः सोपे होते. खरी अडचण गळतीची होती. दट्ट्याभोवतीची फट बुजवावी तर दट्ट्या अडकतो आणि मोकळी ठेवावी तर पाणी निसटते. दाब वाढेल तसे आपोआप घट्ट बसणारे चामड्याचे कडे वापरून ही अडचण दूर झाली. त्या सुधारणेचे श्रेय बहुधा ब्रामा यांच्या कर्मशाळेतील हेन्री मॉडस्ले यांना देण्यात येते. पुढे नील्स क्रिस्टेन्सन यांना रबराच्या वर्तुळाकार कड्याचे एकस्व १९३९ मध्ये अमेरिकेत मिळाले. आजच्या ट्रॅक्टरच्या कपलिंगमध्ये असते ते ‘ओ-रिंग’ हेच होय. कड्याला बारीक चीर पडली तरी संपूर्ण यंत्रणेचा भरवसा जातो, ही गोष्ट ब्रामा यांच्या काळाइतकीच आजही खरी आहे.

फर्ग्युसन पद्धती : प्रारंभीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर साखळीने किंवा आकड्याने जोडीत असत. फाळ दगडात अथवा मुळात अडकला की ट्रॅक्टरची मागील चाके रुतून पुढील भाग वर उचलला जाई व प्रसंगी यंत्र चालकावर उलटे. १९१७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या बाबतीत असे प्राणघातक अपघात विशेष गाजले. उत्तर आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी यावर उपाय म्हणून अवजार तीन दुव्यांनी ट्रॅक्टरला जखडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत विकसित केली. तिचे महत्त्वाचे ब्रिटिश एकस्व १९२६ मधील आहे. खालचे दोन दुवे अवजार ओढतात. वरच्या दुव्यावर पडणाऱ्या रेट्यानुसार झडप उघडते वा मिटते आणि नांगराची खोली आपोआप राखली जाते. अडथळा आल्यास वरच्या दुव्यातून येणारा रेटा ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबून धरतो. ही रचना १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर, १९३९ मध्ये फोर्डच्या ९ एन ट्रॅक्टरवर आणि १९४६ पासून इंग्लंडमध्ये तयार झालेल्या टीई-२० या लहान ट्रॅक्टरवर आली. पुढे ती जगभर प्रमाणभूत ठरली.

या पद्धतीत पंप, झडप व सिलिंडर ही सर्व ट्रॅक्टरच्या धडातच सामावलेली होती. तेल बाहेर येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर अवजारावरच वेगळा सिलिंडर बसवून त्याला लवचिक नळ्यांनी तेल पुरविण्याची पद्धत वाढली. त्यामुळे अवजारांचे प्रकार वाढले. त्याबरोबरच आजवर लोखंडी कवचात बंद असलेला दाब नळीतून आणि जोडातून माणसाच्या हाताजवळ आला.

भारत व महाराष्ट्र : महाराष्ट्रात सुधारित अवजारांची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराची विक्री १९०३ मध्ये सुरू केली व १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना केली. त्या नांगराची खोली राखणारा द्रव नव्हता, तर नांगऱ्याचा हात होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले आणि तेथे पुढे यंत्रपरीक्षणही होऊ लागले. देशात ट्रॅक्टर तयार करण्यास १९६० च्या सुमारास प्रारंभ झाला. मद्रासच्या टॅफे कंपनीने मॅसी-फर्ग्युसनशी सहकार्य केल्याने फर्ग्युसन परंपरेतील यंत्रे येथे बनू लागली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियात महिंद्रांचा सहभाग होता व तिचा कारखाना मुंबईत कांदिवली येथे होता. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या अभिकल्पावर आधारलेला ‘स्वराज’ हा सु. २० अश्वशक्तीचा भारतीय ट्रॅक्टर १९७४ मध्ये पंजाबात तयार होऊ लागला.

याच सुमारास नाशिकचे नाव ट्रॅक्टरनिर्मितीशी प्रत्यक्ष जोडले गेले. किर्लोस्कर ट्रॅक्टर्स या कंपनीने पश्चिम जर्मनीतील क्लॉकनर-हुम्बोल्ट-डॉइट्स या कंपनीच्या सहकार्याने १९७४ मध्ये ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू केले. तिचा कारखाना नाशिक येथे होता. डॉइट्स कंपनी हवेने थंड होणाऱ्या डीझेल एंजिनांसाठी प्रसिद्ध होती. हे उत्पादन फार काळ टिकले नाही. तथापि नाशिकच्या पंचक्रोशीत द्रवचालित यंत्रणेची ओळख केवळ विक्रेत्यांकडून झाली नाही, तर कारखान्यांतूनही झाली. मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये ओझर येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विभागाचाही येथे उल्लेख करता येईल. विमानाची चाके आत घेणारी व बाहेर काढणारी यंत्रणा आणि ट्रॅक्टरची उचल-यंत्रणा यांमागील तत्त्व एकच आहे.

द्राक्षबाग व लहान ट्रॅक्टर : नाशिक भागात पूर्वी भोकरीसारख्या जातींचे वेल पांगाऱ्याच्या जिवंत खांबांवर चढवीत आणि मशागत हाताने व बैलांच्या साहाय्याने होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निघालेल्या बिनबियांच्या जाती आल्या. लोखंडी अँगल व तारा यांचे मांडव उभे राहिले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना १९६० मध्ये झाली. निर्यातीसाठी १९९१ मध्ये महाग्रेप्स ही संस्था निघाली आणि पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. निफाड, दिंडोरी, चांदवड व नाशिक या तालुक्यांत बागांचा विस्तार झाला.

मांडवाखाली किंवा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या आधाराखाली मोठा ट्रॅक्टर सहज चालत नाही. दोन ओळींतील अंतर साधारणतः २.५ ते ३ मी. असते, फांद्या दोन्ही बाजूंनी आत येतात आणि डोक्यावर तारा असतात. यामुळे अरुंद व ठेंगण्या ट्रॅक्टरांना मागणी आली. बंगलोरच्या व्हीएसटी टिलर्स कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने १९८० नंतरच्या दशकात असे ट्रॅक्टर आणले, त्यांतील १८.५ अश्वशक्तीचा प्रकार बागायतदारांच्या विशेष परिचयाचा झाला. पुढे महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा युवराज, कुबोटाचा २४ अश्वशक्तीचा चारही चाके चालविणारा ट्रॅक्टर आणि इतरही अनेक प्रकार बागांत दिसू लागले.

बागेचे वेळापत्रक घाईचे असते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. फळछाटणीनंतर रात्री पाऊस पडला, तर केवडा रोगाच्या भीतीने पहाटेच फवारणी करावी लागते. आदल्या दिवशी शेणखताची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात सोडून ब्लोअर जोडला जातो. ट्रॅक्टर लहान असल्याने त्याच्या धोक्याविषयीचा धाकही कमी असतो. परंतु आकार लहान झाला म्हणून तेलाचा दाब त्या प्रमाणात कमी होत नाही. लहान ट्रॅक्टरांतही तो सामान्यतः दर चौ. सेंमी.ला १५० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक असतो. या दाबाला ५ सेंमी. व्यासाचा एकच दट्ट्या सु. २,९०० किग्रॅ. भाराइतके बल देतो.

कपलिंगची रचना : नळी हत्याराविना चटकन जोडता व सोडता यावी म्हणून कपलिंगचे दोन अर्ध वापरतात. एक ट्रॅक्टरवर पक्का असतो व दुसरा अवजाराच्या नळीच्या टोकाला असतो. प्रत्येक अर्धात स्प्रिंगने मिटलेली लहान झडप असते. दोन्ही अर्ध एकमेकांत शिरले की झडपा परस्परांना मागे ढकलतात व तेलाची वाट मोकळी होते. बाहेरील सरकते कडे पोलादी गोळ्यांच्या साहाय्याने जोड धरून ठेवते. सोडताच दोन्ही झडपा मिटतात. ही सोय असली, तरी तिच्यातच एक अडचण दडलेली आहे. नळीत दाब असताना जोड सुटला, तर तो दाब नळीतच कोंडून राहतो व पुढच्या वेळी झडप मागे सरकत नाही. तेलाचे आकारमान दर १° से. तापमानवाढीला सु. ०.०७% वाढते. तेलाला पसरण्यास जागा नसल्याने एवढीशी वाढही दाब पुष्कळ चढविण्यास पुरेशी होते. म्हणून सकाळी दाब सोडून ठेवलेले अवजारही मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत उभे राहिल्यास त्याचे कपलिंग बसेनासे होते. अशा वेळी कपलिंगचे टोक दगडावर किंवा पान्यावर ठोकून तेल बाहेर उडविण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती सर्वांत धोकादायक रीत होय. अवजार सावलीत थंड होऊ देणे किंवा जाणकार कारागिराकडून दाब सोडवून घेणे, हाच त्यावर योग्य उपाय आहे.

धोक्यांचे स्वरूप : धोके मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला चिरडण्याचा. उचललेले अवजार किंवा ट्रॉलीचा हौदा केवळ कोंडलेल्या तेलावर उभा असतो. नळी फुटल्यास, झडप गळल्यास अथवा लिव्हरला धक्का लागल्यास तो क्षणार्धात खाली येतो. दुसरा धोका फिरणाऱ्या पीटीओ दंडाचा. त्याची एक प्रमाणभूत गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे असते. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातील उपरणे त्यात सापडले, तर सोडविण्यास अवधी मिळत नाही.

तिसरा धोका सर्वांत कमी परिचित आहे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर १५० किग्रॅ. दाबाचे तेल, घर्षण वगळता, सेकंदाला सु. १८० मी. वेगाने बाहेर पडते. ही धार डोळ्यांना धड दिसतही नाही. गळती शोधण्यासाठी बोट फिरविल्यास तेल त्वचा भेदून आत शिरते. त्वचा भेदण्यास दर चौ. सेंमी.ला सु. ७ किग्रॅ. दाबही पुरा पडू शकतो. डीझेल एंजिनातील उच्च दाबाचे इंधन अशा प्रकारे शरीरात शिरल्याचा वृत्तांत वैद्यकीय वाङ्मयात १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम टाचणी टोचल्यासारखी लहान दिसते, प्रारंभी दुखतेही कमी. त्यामुळे हळद लावून काम पुढे चालू ठेवण्याकडे कल असतो. आत मात्र तेल स्नायुबंधांच्या आवरणांतून पसरते, सूज रक्तप्रवाह अडविते आणि ऊतक मरू लागते. अशा ४३५ रुग्णांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सु. ३०% रुग्णांना अवयवाचा भाग गमवावा लागल्याचे आढळले. यास्तव वेदना नसली, तरी रुग्णाला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेऊन ‘दाबाचे तेल आत शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे अगत्याचे असते. येथे तासांचा हिशेब बोटांच्या हिशेबाइतका महत्त्वाचा ठरतो.

जोडणीचा क्रम : अवजार सपाट व टणक जागी असावे. ट्रॅक्टर सावकाश मागे घेताना चाके व अवजार यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. मदतनिसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहून खूण करावी. दुवे अवजाराच्या खुंट्यांसमोर आल्यावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक लावावा, एंजिन बंद करावे व किल्ली काढून घ्यावी. प्रथम डावा खालचा दुवा, नंतर उजवा आणि शेवटी वरचा दुवा बसवितात. उजव्या बाजूच्या उचल-दंडाची लांबी सामान्यतः हातदांड्याने कमी-अधिक करता येते. म्हणून पक्की बाजू आधी व जुळवून घेता येणारी बाजू नंतर, असा हा क्रम आहे. खुंट्यांची मापे प्रमाणित आहेत : खालच्या खुंटीचा व्यास पहिल्या वर्गात सु. २२ मिमी. व दुसऱ्या वर्गात सु. २८ मिमी. असतो. मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार लहान ट्रॅक्टरला लावण्यासाठी खिळा किंवा सळईचा तुकडा खुंटीच्या जागी वापरणे अनर्थकारक ठरते. प्रत्येक खुंटीला तिची कडीपिन लावलीच पाहिजे.

यानंतर नळ्या जोडतात. दोन्ही अर्ध स्वच्छ फडक्याने पुसून, नळीला पीळ पडणार नाही अशा रीतीने आत सारावे. कडे जागेवर बसल्याचा आवाज आल्यावर नळी हलके ओढून खात्री करावी. दोन नळ्यांची अदलाबदल झाल्यास लिव्हरचा परिणाम उलटा होतो. खाली घेण्याच्या खुणेवर अवजार वर जाते. म्हणून नळ्यांच्या जोड्यांना एकेका रंगाची पट्टी गुंडाळणे उपयुक्त असते. शेवटी पीटीओ दंड जोडून त्याचे संरक्षक आवरण बसवावे. एंजिन सुरू केल्यावर सर्वांना दूर ठेवून अवजार दोन-तीन वेळा पूर्ण वर-खाली करावे आणि नळी कोठे ताणली अथवा चिमटली जात नाही, हे पाहावे. गळतीचा संशय आल्यास हात न लावता पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा; धार असल्यास पुठ्ठ्यावर डाग उमटतो.

सोडणीचा क्रम : सोडणी ही जोडणीची उलट कृती असली, तरी तिची पहिली पायरी निराळी आहे. अवजार प्रथम पूर्णपणे जमिनीवर टेकवावे. ट्रॉलीचा हौदा खाली बसवावा. हौदा वर असताना त्याखाली काही करणे अटळच असेल, तर त्याला पोलादी टेकू दिल्याखेरीज कोणीही खाली जाऊ नये. पीटीओ व एंजिन बंद केल्यावर लिव्हर दोन्ही दिशांना काही वेळा हलवून दोन्ही नळ्यांतील दाब उतरवावा. विजेवर चालणाऱ्या झडपा असल्यास निर्मात्याच्या पुस्तिकेतील रीत पाळावी. त्यानंतरच कपलिंगचे कडे सरकवून नळ्या सोडाव्यात, दोन्ही टोकांना टोप्या घालाव्यात आणि नळ्या जमिनीवर न टाकता अवजारावरील आकड्यात अडकवाव्यात. मग पीटीओ दंड, वरचा दुवा, उजवा दुवा व डावा दुवा या क्रमाने सोडावे. अवजाराचे पाय किंवा टेकू लावल्यावाचून दुवे काढल्यास अवजार कलंडते. उंच व अरुंद ब्लोअरच्या बाबतीत, विशेषतः टाकीत पाणी असताना, हा धोका अधिक असतो.

स्वच्छतेचे महत्त्व : अनेक लहान ट्रॅक्टरांत गिअरपेटी व उचल-यंत्रणा यांना एकच तेल पुरते. त्यामुळे कपलिंगला चिकटलेली माती केवळ झडप खराब करून थांबत नाही, ती यंत्राच्या पोटात जाते. अवजार भाड्याने किंवा उसने घेतल्यास त्याच्या सिलिंडरमधील परके तेलही आपल्या यंत्रणेत मिसळते. केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानामुळे २०१४-१५ पासून अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना चालना मिळाली आहे. अवजार जितक्या हातांतून फिरते, तितकी जोडाच्या निगेची जबाबदारी अनिश्चित होते. झडपेत अडकलेला वाळूचा कण उचललेले अवजार हळूहळू खाली उतरविण्यास पुरेसा असतो.

कायदा, मानके व प्रशिक्षण : तीन दुव्यांची रचना, पीटीओ व कपलिंग यांसाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, भारतातही भारतीय मानक संस्थेने व १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोने ट्रॅक्टरविषयक मानके प्रसिद्ध केली आहेत. मळणी यंत्रांवरील अपघातांमुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा अधिनियम केला. त्याचा मुख्य रोख मळणी यंत्रांवर होता. जोडणी-सोडणीच्या वेळचे अपघात त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून अवयव गमावल्यास साहाय्य मिळते. २०२३ पासून ही योजना सानुग्रह अनुदानाच्या स्वरूपात चालते. परंतु भरपाई ही अपघातानंतरची गोष्ट होय.

मानकामुळे खुंटी व छिद्र जुळते. खुंटी बसविणाऱ्या माणसाचा हात कोठे असावा, हे मात्र शिकवावे लागते. विमानाच्या द्रवचालित यंत्रणेला हात लावण्यापूर्वी दाब उतरविल्याची खात्री लेखी क्रमाने करण्याची शिस्त विमान उद्योगात सर्वत्र पाळली जाते. विमाने बनविणाऱ्या त्याच ओझरच्या शिवारात द्राक्षबागाही आहेत. तेथे हा क्रम बहुधा एका चालकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जातो, आणि त्याबरोबर कपलिंग दगडावर ठोकण्यासारख्या चुकीच्या रीतीही जातात. निर्मात्यांच्या पुस्तिकांत हा क्रम दिलेला असतो. पण ट्रॅक्टर पुष्कळदा मालक चालवीत नाही आणि पुस्तिका मालकाच्या घरी राहते. टेकविणे, बंद करणे, दाब उतरविणे, मग सोडणे या चार पायऱ्यांना दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्या चालकाला तोंडपाठ असाव्यात आणि अवजारावरही मराठीत ठळकपणे रंगविलेल्या असाव्यात. घाईच्या पहाटेच त्यांची गरज सर्वांत अधिक असते.